नोड सरकण्याबाबत

मला राग येतो, आणि तो येतो याची मला लाज वाटत नाही. ज्या शहरात फलकावर एक लिहिलेले असते, पत्रात दुसरे असते आणि प्रत्यक्षात तिसरेच घडते, तेथे राग न येणे हीच नागरिकाच्या कर्तव्यातील कसूर होय, असे माझे मत आहे. नवी मुंबईत पावणे येथील औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या विधी विभागात मी नोकरी केली. तेथे इतरांच्या रागाला कायद्याची भाषा देणे हे माझे काम होते. निवृत्तीनंतर इतरांचा राग माझ्याकडे येईनासा झाला. भाषा मात्र शिल्लक राहिली. ती मी स्वतःच्या रागासाठी वापरू लागलो. पदपथ, पाणीपट्टी, सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त, कोणताही विषय मी वर्ज्य मानला नाही. वाशीच्या टपाल कार्यालयात खिडकीवर बसणाऱ्या बाई मला पाहिल्याबरोबर पोचपावतीचे कार्ड न मागता पुढे करतात. आसपासचे लोक मला 'वकीलसाहेब' म्हणतात. मी वकील नाही. याबाबत मी एकदा लेखी खुलासाही केला आहे, त्याचा उपयोग झाला नाही.

अशा माणसाची ग्रहांशी गाठ पडली ती आमच्या सेक्टरातील ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात. तेथे भौतिकशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक येत. त्यांना सारेच 'सर' म्हणत, मीही तेच म्हणतो. एके दिवशी ते कॅरमच्या पाटाशेजारी एक छापील कोष्टक घेऊन बसले होते. आकड्यांच्या त्या ओळी पाहून मला वाटले की कर आकारणीत काही नवा अन्याय झाला असावा. मी खुर्ची ओढली.

"हे ग्रहांचे कक्षाघटक," सर म्हणाले. "प्रत्येक ग्रहाला सहा आकडे. कक्षा केवढी, किती लांबट, किती कललेली, सूर्याला सर्वांत जवळची जागा कोणत्या दिशेला, पृथ्वीच्या कक्षेची पातळी ओलांडून ती कक्षा वर कोठे जाते, आणि ग्रह स्वतः त्या घटकेला कोठे आहे. सहा आकडे द्या, ग्रह सापडला."

"आणि प्रत्येक आकड्याखाली हा दुसरा, बारीक आकडा?"

"शंभर वर्षांत पहिला आकडा कितीने बदलतो, तो."

मी त्यांना अडवले. ग्रह आपापल्या ठरलेल्या कक्षेत फिरतात, असे मला शाळेत शिकवले होते, आणि त्या 'ठरलेल्या' या शब्दावर मी आयुष्यभर विश्वास ठेवला होता.

"ठरलेलीच आहे हो," सर हसून म्हणाले, "पण सुधारणांसह. गुरू ओढतो, शनी ओढतो, सगळे एकमेकांना जरा जरा ओढत असतात. कोणाची कक्षा किंचित गोल होत जाते, कोणाची किंचित लांबट, कोणाचा कल बदलतो. आपल्या पृथ्वीचीसुद्धा."

'सुधारणांसह' हा शब्द ऐकून माझ्या मनात काय झाले ते सांगणे कठीण आहे. मूळ अधिनियम, त्यात होणाऱ्या सुधारणांचा दर, आणि तळाशी स्पष्ट टीप, की हे कोष्टक सुमारे अडीचशे वर्षांपुरतेच ग्राह्य धरावे, त्यापुढे वापरू नये! आपली मुदत स्वतःच्या तोंडाने सांगणारा दस्तऐवज मी साऱ्या नोकरीत पाहिला नव्हता. फक्त पृथ्वीच्या ओळीपाशी मी हरकत घेतली. तिचा कल शून्य दाखवला होता. "मोजणारी पृथ्वी आणि शून्यही पृथ्वीलाच? स्वतःच्याच दाव्यात न्यायाधीश?"

सर इतके हसले की कॅरम खेळणाऱ्यांची सोंगटी चुकली. त्या दिवसापासून आमची मैत्री जमली.

केंद्राच्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी सर आकाशाविषयी बोलत. त्या एका तासासाठी ते महिनाभर तयारी करीत. घरी मुलगा आणि सून चांगली होती. परंतु दोघेही कामावरून थकून येत आणि सरांचा मंगळ निघेपर्यंत त्यांचे डोळे मिटत. तेव्हा हे व्याख्यान हीच सरांची जागा होती. दुर्दैवाने तेथे श्रोता म्हणून मी असे, पंख्याखाली बसायला येणारे एक गृहस्थ असत, आणि बाकी खुर्च्या. कार्यकारिणीने ठराव केला की ही वेळ जुन्या गाण्यांच्या कराओके गटाला द्यावी. त्या गटात माझी पत्नी गाते. म्हणजे प्रतिपक्ष माझ्याच घरी मला चहा देत होता.

मी पत्र लिहिले. उत्तर आले, की ग्रहगोल हा विषय केंद्राच्या कार्यकक्षेत येत नाही. कार्यकक्षेत! ज्या शब्दाने ग्रह बांधलेले आहेत, तोच शब्द ग्रहांना बाहेर काढण्यासाठी वापरला होता. मी पाच पानांचे उत्तर दिले. केंद्राच्या घटनेत उद्देश म्हणून 'मनोरंजन व ज्ञानवर्धन' असे लिहिलेले आहे, 'मनोरंजन किंवा ज्ञानवर्धन' असे नव्हे. त्या 'व'वर मी दीड पान लिहिले.

"एका 'व'साठी दीड पान?" पत्नी म्हणाली. "अहो, आपल्या लग्नाच्या वेळी मला एवढं पत्र आलं असतं तर मी माहेरी ते दाखवत फिरले असते."

"हा प्रश्न तत्त्वाचा आहे."

"तत्त्व घ्या आणि भाजी निवडायला बसा."

पाच पानांचा परिणाम मात्र झाला. कार्यकारिणीने एक रविवार दिला. त्या दिवशी निम्म्या खुर्च्या भरल्या तर व्याख्यान चालू राहील, न भरल्या तर वेळ कराओकेला. ही अट मला मान्य नव्हती, सरांना होती. "लोक येत नसतील तर त्यांना बांधून थोडेच आणणार?" ते म्हणाले, पण म्हणताना त्यांनी चष्मा पुसला, आणि तो आधीच स्वच्छ होता.

मी सुचवले की परग्रहावरील जीव असा काहीतरी विषय घ्यावा. सर ऐकेनात. "शेवटचंच असेल तर मला आवडतं ते बोलतो. आयुष्यभर अभ्यासक्रमाबाहेर राहिलेला धडा आहे माझ्याकडे." तो धडा म्हणजे कक्षा एकमेकींच्या पातळ्या जेथे छेदतात ते बिंदू, आणि ते बिंदू कसे हळूहळू सरकत जातात. मराठीत त्याला 'पात' म्हणतात. सूचनेचा मसुदा मी करणार होतो, म्हणून मी हरकत घेतली. पात वाचून लोकांना उत्पात आठवेल आणि येणारा एक माणूसही घरी बसेल.

"मग इंग्रजी शब्द घाला," सर म्हणाले. "नोड."

येथे वाचकाला सांगितले पाहिजे की आमचे शहर नोडांचे बनलेले आहे. वाशी नोड, ऐरोली नोड, नेरूळ नोड. नकाशावर आखून वसवलेल्या प्रत्येक भागाला आम्ही नोडच म्हणतो, भाजीवालासुद्धा म्हणतो. हे आम्हा दोघांनाही माहीत होते आणि दोघांच्याही ध्यानात आले नाही. रोज तोंडात असलेला शब्द कानाला ऐकू येत नाही, हेच खरे.

माझा मसुदा असा होता : 'ग्रहकक्षांचे नोड आणि त्यांचे शतकानुशतके होणारे सरकणे, या विषयावर सप्रयोग व्याख्यान.' केंद्राच्या व्यवस्थापकाने तो मोबाइलवरून सगळ्या गटांत पाठवायचा होता. त्याने जे पाठवले ते पुढीलप्रमाणे : 'नोड सरकण्याबाबत महत्त्वाची माहिती. रविवार संध्याकाळ. सर्वांनी उपस्थित राहावे.'

"वकीलसाहेब, तुमचं एवढं लांब कोण वाचतं?" तो नंतर म्हणाला. "मी शॉर्टमध्ये टाकलं."

रविवारी मी पोचलो तेव्हा केंद्राबाहेर मोटारसायकली उभ्या होत्या. आत बसायला जागा नव्हती. खाडीकाठच्या गावांतले घरमालक होते, बाजारातले कांदा-बटाट्याचे व्यापारी होते, सोसायट्यांचे अध्यक्ष फाइली घेऊन आले होते, दिघ्याहून आलेला एक इस्टेट एजंट भिंतीला टेकून दोन फोनांवर एकाच वेळी बोलत होता. व्यवस्थापकाने खुर्च्या मोजून वहीत 'सभागृह पूर्ण' असे लिहूनसुद्धा टाकले होते. आणि पुढे टेबलाशी सर उभे होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हातात माझ्या पत्नीकडून मागून आणलेल्या भरतकामाच्या दोन लाकडी रिंगा.

"पाहिलंत?" त्यांनी माझा हात घट्ट धरला. "विषयात दम असला की लोक येतात."

मला अभिमान वाटला. तो अभिमान पत्नीपर्यंत टिकला. ती आपल्या गटातील मैत्रिणींसह शेवटच्या रांगेमागच्या बाकावर निकाल पाहायला बसली होती. तिने मला वाकायला लावले आणि कानात म्हणाली, "अहो, ही माणसं ग्रहांसाठी आलेली नाहीत. तो पलीकडचा सातबारा घेऊन आलाय."

मी काही करण्यापूर्वीच सरांनी सुरुवात केली होती.

"नोड म्हणजे दोन पातळ्या जिथे एकमेकींना छेदतात ती जागा."

"म्हंजे हद्द," पुढच्या रांगेतून एक धोतर नेसलेले वृद्ध घरमालक म्हणाले. ते खाडीकाठच्या जुन्या गावातले. सकाळच्या फिरण्यात मी त्यांना पाहिलेले होते.

"हद्दच म्हणा ना!" सर खूष झाले. "आणि लोकांना वाटतं ही हद्द पक्की आहे. ती पक्की नाही. नोड सरकतो. मागे सरकतो."

सभागृहात हालचाल झाली. एजंटने दोन्ही फोन खिशात घातले.

"मागं म्हंजे कनच्या बाजूला?" वृद्ध उठून उभे राहिले. "खाडीकडं का डोंगराकडं?"

खाडी-डोंगर वगळता प्रश्न खगोलशास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य होता. "पश्चिमेकडे," सर म्हणाले.

"पश्चिमेला खाडी हाय!"

"परत भराव टाकनार!" मागून कोणी ओरडले.

"अहो सर," एक व्यापारी हात वर करून म्हणाला, बोलण्यावरून साताऱ्याकडचा वाटला, "सरकणार कधी ते सांगा की. आमचा गाळा हाय तिथं."

"सरकतोच आहे. आत्तासुद्धा. शंभर वर्षांत पाव अंशाहून थोडा जास्त."

"अंश म्हंजे किती गुंठे?"

"सर, ऑफिशियल लेटर आहे का?" एजंट म्हणाला. "नायतर पब्लिकला फुकट टेन्शन."

सरांच्या चेहऱ्यावरील आनंद तेव्हा हळूहळू उतरू लागला. त्यांनी रिंगांकडे पाहिले, लोकांकडे पाहिले, फाइलींकडे पाहिले आणि शेवटी माझ्याकडे. त्यांना कळले होते.

आता खरी गोष्ट सांगतो. गप्प बसणे मला शक्य होते. खुर्च्या भरल्या होत्या, मोजणी झाली होती, कार्यकारिणीची अट शब्दशः पूर्ण झाली होती. पत्नीच्या गटाचा पराभव माझ्या खिशात होता. परंतु गैरसमजुतीने दिलेली संमती ही संमतीच नव्हे, हे मी साऱ्या नोकरीत इतरांना बजावत आलो होतो. शिवाय सरांना त्या खुर्च्या नको होत्या, त्यांना श्रोते हवे होते. मी उभा राहिलो. रागाने माझा आवाज नेहमीच मोठा असतो, त्याचा त्या दिवशी उपयोग झाला.

"सभेस खुलासा करण्यात येतो, की सूचनेत ज्याचा उल्लेख आहे तो नोड आकाशातील आहे. मंगळाचा आहे. नवी मुंबईतील कोणताही नोड कोणीही कोठेही सरकवीत नाही. निदान आमच्या माहितीप्रमाणे नाही. ज्यांना चुकीच्या सूचनेमुळे यावे लागले त्यांची केंद्राने क्षमा मागितली पाहिजे आणि त्यांनी खुशाल जावे. झालेली मोजणी रद्द समजावी."

"रद्द?" व्यवस्थापक वही घेऊन कळवळला.

"रद्द."

प्रथम कोणी हसले, मग बरेच जण हसले, मग खुर्च्या वाजू लागल्या. सोसायट्यांचे अध्यक्ष गेले. एजंट जाता जाता म्हणाला, "साहेब, मंगळावर प्लॉट निघाले तर सांगा हां." सर खाली मान घालून रिंगा पिशवीत भरू लागले. ते पाहवेना, म्हणून मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

"काय ओ सर, गुंडाळता काय?" तो वृद्ध घरमालकांचा आवाज होता. ते पुन्हा खाली बसले होते. "आता आलो हाव त बसतो. घरी जाऊन शिरेलच बगायची. पन एक सांगा, त्यो वरचा नोड कुनाच्या जागेतनं तं जात नाय ना?"

"नाही," सर म्हणाले. "मोकळी जागा आहे सगळी."

"मंग सरकू द्या. बोला."

सरांनी रिंगा पुन्हा बाहेर काढल्या. एक आडवी धरली, ती पृथ्वीची कक्षा. दुसरी तिच्यातून तिरपी घातली, ती मंगळाची. जेथे लाकूड लाकडाला टेकले ती जागा बोटाने दाखवली आणि तिरपी रिंग अगदी जराशी फिरवली. टेकण्याची जागा सरकली.

"पण कोण सरकवतंय?" दाराशी पोचलेला व्यापारी परत फिरून म्हणाला.

"मुख्यतः गुरू. शेजारी आहे ना, आणि अवाढव्य."

"मोठ्या बिल्डरनं ढकलला म्हणा की!"

"अगदी तसंच," सर म्हणाले, आणि व्यापारी हातातली पिशवी मांडीवर घेऊन बसला.

त्यानंतर सर जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. बुधाची लांबट कक्षा, तिचे सूर्याजवळचे टोक कसे वळत जाते; शुक्राची जवळजवळ गोल कक्षा; पृथ्वीचीही सध्या किंचित गोल होत चाललेली. लोक मध्येच बोलत, सर त्यांना उत्तर देत, आणि उत्तरातून पुन्हा ग्रहांवर येत. मग वृद्धांनी विचारले, "सगल्यांचा नोड सांगितला. आपल्या पृथवीचा नोड कुठं हाय?"

"आपल्याला नोड नाही. बाकी सगळ्यांचे नोड आपल्या कक्षेवरून मोजतात. आपण म्हणजेच ती पातळी."

वृद्धांनी विचार केला. मग आजूबाजूला पाहून मोठ्याने म्हणाले, "समद्यांचं नोड आपल्यापासनं मोजायचं, न् आपल्याला नोडच नाय? म्हंजे आपन गावठान!"

जे आमच्या शहरात राहतात त्यांना यात हसण्यासारखे काय आहे ते सांगावे लागणार नाही. इतरांसाठी लिहितो : शहर वसण्याआधी येथे गावे होती. नोड आखले गेले ते त्या गावांना वळसा घालून. गावांची जुनी वस्ती, म्हणजे गावठाण, मध्ये तशीच राहिली, कोणत्याही नोडात नसलेली. सरांना हसू आवरेना. त्यांनी रिंगा टेबलावर ठेवून डोळे पुसले. या वेळी चष्मा खरोखरच ओला झाला होता.

व्यवस्थापकाने पुन्हा मोजणी केली. निम्म्याला काही खुर्च्या कमी पडत होत्या. माझी पत्नी आणि तिच्या मैत्रिणी मागे भिंतीलगतच्या बाकावर बसल्या होत्या, आणि बाक हा खुर्ची नव्हे, हे मलाच मान्य करावे लागले असते. व्यवस्थापक माझ्याकडे पाहू लागला. तेव्हा पत्नी उठली, पदर सावरत पुढे आली आणि तिसऱ्या रांगेत बसली. तिच्यामागून सगळा कराओके गट आला.

"आता मोज रे बाबा," ती व्यवस्थापकाला म्हणाली. "आणि सर, माझ्या रिंगा नीट धरा, त्या आईच्या आहेत."

घरी येताना मी तिला विचारले की तिने स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत का दिले.

"आम्हाला शनिवारसुद्धा चालला असता. तुमचं पाच पानी पत्र आलं, म्हणून आम्ही रविवारच धरून बसलो."

या विधानाशी मी आजही असहमत आहे.

कार्यकारिणीचे पत्र यथावकाश आले : ग्रहगोल हा विषय केंद्राच्या कार्यकक्षेत समाविष्ट करण्यात येत आहे. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. मी त्या कळवल्या. आता शनिवारी गाणी असतात आणि महिन्याच्या त्या रविवारी सर. सूचना मी लिहितो आणि व्यवस्थापक ती कापत नाही. सर मात्र प्रत्येक व्याख्यानात पृथ्वीला गावठाण म्हणू लागले, आणि येथे माझा पुन्हा निरुपाय झाला. कारण मी कोष्टक नीट वाचले होते. पृथ्वीच्या कलाच्या शून्याखालीही एक बारीक आकडा आहे. ते शून्य एका ठरावीक दिवशीच्या पातळीपुरते. त्या जुन्या पातळीशी ताडून पाहिले तर पृथ्वीची कक्षाही शंभर वर्षांत अंशाच्या शंभराव्या भागाहून जराशी अधिक कलते. न्यायाधीशाचे आसनही सरकते आहे. मी सरांना रीतसर पत्र लिहिले, प्रत वृद्ध घरमालकांना दिली, कारण उपमा त्यांची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरताना त्यांनी मला थांबवले. पत्र सदऱ्याच्या खिशात होते.

"वकीलसायेब, नातवानं वाचून दाखवलं. म्हंजे गावठानाची हद्द पन सरकते म्हनता?"

"होय. अत्यल्प, परंतु सरकते."

"ते आमाला लय आधीपासनं ठावं हाय," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी लिवलं ते बरं केलंत. पन पत्र मोठं लिवा जरा. एकच पान? आमची काय किंमतच नाय का?"